डब्यातलं खालचं बी

दसरा झाला की कुसाबाईच्या ओट्यावर बायकांची रीघ लागायची. कोणी पितळी आणायची, कोणी चहापत्तीची रिकामी बरणी, कोणी नुसता पदर पसरायची. उन्हाळी कांद्याचं रोप टाकायचे ते दिवस. तालुक्याला, देवळ्याच्या दुकानांतून चकचकीत पाकिटं मिळायला लागून जमाना झाला, पण ह्या आळीतल्या बायकांना कुसाबाईचंच बी लागायचं. बी विकायचं नाही, हा तिच्या सासूपासूनचा नेम. बदल्यात एवढंच, की कांदा निघाला म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या ढिगातले एकसारखे, बारीक मानेचे टोपलीभर कांदे तिला आणून द्यायचे. ते कांदे कुसाबाई पुन्हा लावायची, त्यांना डोंगळे, म्हणजे फुलांचे गोंडे, यायचे, आणि वैशाखात त्या डोंगळ्यांचं काळंभोर बी डब्यात पडायचं. बी साऱ्या आळीचं असायचं, निवडायची नजर तेवढी कुसाबाईची.

यंदा दसरा होऊन आठ दिवस झाले होते आणि ओटा रिकामा होता.

जयराम घरामागच्या पट्टीत वाफे ओढत होता. तिथून ओटा दिसायचा. आई डोळ्यांवर आडवा हात धरून रस्त्याकडे तोंड करून बसलेली. रस्त्यानं कोणी गेलं की ती पावलांच्या आवाजाकडे मान वळवायची, पावलं पुढे निघून गेली की मान परत जागेवर आणायची. दहा वाजेपर्यंत असं पाच-सहा वेळा झालं. मग जयरामनं वाफ्याचं दुसरं टोक धरलं, म्हणजे ओट्याकडे पाठ होईल. पाठीला डोळे नसतात, पण त्या दिवशी त्याला ते असल्यासारखं वाटत होतं.

"जयरामभाऊ, या बरं जरा इकडं," असा आवाज आला तेव्हा त्याला फावडं टाकून यावंच लागलं. गावात आरोग्याचं बघणारी आशाताई योगिनी वही उघडून ओट्यावर बसली होती. शेजारी त्याची बायको शुभांगी कणकेचे हात घेऊन उभी.

"आजींचं नाव परत लिहू का?" योगिनी म्हणाली. "परवा देवळ्याला मोतीबिंदूची तपासणी. तिथून त्यांचीच गाडी नाशिकला नेती. ऑपरेशन फुकट, जेवण फुकट, काळा चष्मापण फुकट. आता ह्या टायमाला काय कारण सांगायचं ठेवलंय?"

"अजून पिकला नाय तिचा," जयराम म्हणाला. "पिकू दे की."

"दोन वर्षं हेच ऐकते मी. पिकायची वाट बघायचे दिवस गेले, भाऊ. आता कच्चा असला तरी काढतात, उलट लवकर काढला तर बरं. आजी, किती दिसतं तुम्हाला?"

"दिसतं की," कुसाबाई म्हणाली. "धुकं पडल्यावानी दिसतं. उन्हात गेलं का सगळं पांढरं होतं. चंद्र दोन-दोन दिसत्यात." मग तिनं हात झटकला. "मला नको बाई. बघून काय करायचंय? ज्या डोळ्यांनी तीन घरांची रोपं बुडवली, ते गेले तर गेले."

जयराम पायाच्या अंगठ्यानं ओट्याची माती उकरायला लागला.

"लिहा ताई नाव," शुभांगी मध्येच म्हणाली. "परवा भाकर समजून तव्यालाच हात लावला यांनी. बघा." तिनं सासूचा हात उलटा करून दाखवला. तीन बोटांच्या पेरांवर फोड येऊन बसले होते. "मी म्हणते, रोप चार दिवस उशिरा पडंल. वाफ्यांचं मी बघते. तुम्ही आत्याबाईंना घेऊन जा."

जयरामला हो म्हणावं लागलं. शुभांगीपुढे त्याचं तसंही फार चालत नसे, आणि त्या फोडांपुढे तर कोणाचंच चाललं नसतं.

आता खरं काय झालं होतं ते एकट्या जयरामलाच ठाऊक होतं. मागल्या वर्षीचा वैशाख. कुसाबाई भावाच्या दिवसांना सटाण्याकडे गेलेली, शुभांगी मळ्यातल्या साठवणीच्या चाळीत कांदा भरायला. पाखडलेलं बी अंगणात ताडपत्रीवर वाळत होतं आणि राखणीला जयराम. आभाळ आलेलं त्यानं पाहिलं होतं. पण लिंबाखाली बाज टाकलेली, वारा छान सुटलेला, हातात मोबाइल. जाईल हे कळवणकडे, असं म्हणून गडी पडून राहिला. आभाळ काही कळवणला गेलं नाही. धावपळ करून ताडपत्री गुंडाळेपर्यंत निम्मं बी भिजून, वाहून मोरीला लागलं होतं. भिजलेलं त्यानं उकिरड्यावर टाकलं आणि वरून शेण ओढलं.

तिथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण आईला सांगायची त्याची छाती झाली नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण आईच्या बियापुढे अजून चड्डीतलाच. त्यानं माळ्यावरचा गंजका डबा काढला. त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचं उरलेलं बी होतं. कांद्याचं बी वर्ष उलटलं की मरतं, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जयरामनं ते जुनं बी आईच्या डब्यात खाली ओतलं, वर नवं टाकलं आणि डबा गळ्यापर्यंत भरून ठेवला.

संध्याकाळी कुसाबाई आली. पाय धुवून आधी बियाकडे गेली. डबा उचलून वजन पाहिलं, कोपरापर्यंत हात खुपसला आणि खालची मूठ वर काढून खिडकीशी नेली. जयराम दारात उभा होता. दोन वर्षांपूर्वीची कुसाबाई असती तर जुन्या बियाचा तो राखट, मेलेला रंग तिनं अंगणातूनच ओळखला असता. आता तिनं मूठ नाकापाशी धरली, मान ह्या अंगाला त्या अंगाला केली, आणि म्हणाली, "लय काळंभोर पडलंय रे यंदा." मूठ तिनं परत डब्यात सोडली. जयरामला तेव्हा हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे वर्षभर पुरली.

रोपाच्या दिवसांत त्यानं घरचं बी आधी घेतलं, डब्याच्या वरचं. नंतर बायका आल्या, त्यातल्या शेवटच्या तिघींना खालचं गेलं. निम्मं तरी उगवेल, असा त्याचा हिशेब. पंधरा दिवसांनी जयरामचे वाफे हिरवेगार झाले आणि तीन घरांचे वाफे टकलासारखे राहिले. शेजारची मालनबाई ह्याच ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "स्वतःचं बरं उगवलं गं, कुसाबाई."

आणि जयराम, आईवर कपटाचा आळ नको म्हणून, घाईनं बोलून गेला, "काकू, तिला दिसत नाय. माळ्यावरचा जुना डबा ओतला असंल तिनं." वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसं झालं. आपण आईला वाचवलं, असं त्याला घटकाभर वाटलंसुद्धा. मालनबाई गप्प झाली, आळी गप्प झाली, शुभांगीनंही सासूला सांगितलं, "आत्याबाई, आता तुम्ही बियाला हात लावू नका." त्या दिवसापासून कुसाबाईनं लावला नाही. ह्या उन्हाळ्यात कोणी डोंगळ्यासाठी टोपलीभर कांदेही आणून टाकले नाहीत.

मोतीबिंदूसाठी योगिनी पहिल्यांदा आली तेव्हा जयराम "पिकू दे" म्हणाला, तो कांदा काढणीला आईचे हात हवे होते म्हणून. दुसऱ्यांदा म्हणाला, तो भीतीनं. गंजका डबा अजून माळ्यावर होता. चोराच्या मनात चांदणं, तसं त्याला वाटे, आईचे डोळे आले की ती आधी तो डबा बघेल आणि मग आपलं तोंड.

नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी कुसाबाईच्या डोळ्यात उजेड मारून पाहिला. बुबुळात ताकाचा थेंब पडावा तसं पांढरं जयरामलाही दिसलं.

"डोळा बाहेर काढून ठेवत्यात का हो?" कुसाबाईनं विचारलं. ही भीती ती वर्षानुवर्षं पोटात घेऊन होती.

"नाही हो आजी. डोळा जागच्या जागी. आपल्या डोळ्यात एक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वयानं ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. थेंब घालून, जडीबुटी लावून ते निवळत नाही. बारीकशी फट करून आम्ही ते काढतो आणि तिथं नवं भिंग बसवतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. डोळा बधिर करतो, दुखत नाही. आधी हा उजवा करू, महिन्याभरानं डावा." मग त्या जयरामकडे वळल्या. "उजवा फार कडक झालाय. एवढे दिवस का थांबलात?"

"म्हटलं, पिकू द्यावा."

"तो काय आंबा आहे, आढीत घालायला? अजून थांबला असतात तर भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढला असता. मग ऑपरेशन करूनही नजर आली नसती. दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर सोपं होतं, आणि ही दोन वर्षं त्यांना दिसलं असतं."

जयरामनं मान हलवली. दोन वर्षं म्हणजे कोणती, ते डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. त्या खिडकीशी धरलेल्या मुठीचं वर्ष त्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या म्हाताऱ्या माणसांना हिरवे झगे घालून बाकावर ओळीनं बसवलं. प्रत्येकाच्या कपाळावर, ज्या डोळ्याचं करायचं त्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा. कुसाबाईनं बांगड्या, पोत, नाकातली चमकी सगळं काढून जयरामच्या हातात दिलं. त्यानं ते रुमालात बांधलं. उघड्या हातांची आई त्याला एकदम लहान वाटली. नर्स दर थोड्या वेळानं येऊन थेंब घालून जात होती.

"जयराम."

"काय गं?"

"एक विचारू? खरं सांगशील?" तिनं आवाज खाली आणला. "मी माळ्यावर चढले कशी रे?"

"कशाला?"

"तो जुना डबा काढायला. मला ओटा चढता येत नाय धड, गुडघे धरत्यात. आन् मी शिडी लावून माळ्यावर गेले, डबा काढला, ओतला, परत ठेवला. आठवतच नाय मला. डोळ्यांचं सोड, ते म्हातारपणी जात्यात. माझं डोकं गेलंय का रे? तुम्ही मला सांगत नाय का?"

आता सांगावं, ह्याच घडीला, असं जयरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. ओठ उघडलेही. तेवढ्यात दार ढकलून नर्सनं नाव पुकारलं, "कुसाबाई, चला," आणि आई उठली. आत जाताना ती भिंत चाचपत होती. दार मिटल्यावर जयराम रुमालाची गाठ मुठीत धरून बसला. नर्स अर्धं मिनिट उशिरा आली असती तर आपण बोललो असतो, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. तो भेकड होता आणि हे त्याला तिथे बाकावर नीट कळलं.

डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी निघाली. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, कुसाबाईनं मोजली. मग ती इकडेतिकडे बघत राहिली, खिडकीकडे, पंख्याकडे, शेजारच्या म्हाताऱ्याच्या मफलरकडे. शेवटी जयरामकडे.

"हा सदरा पांढराय?"

"पांढराच हाय."

"मला पिवळट दिसायचा. मी म्हणायचे, शुभांगी धुती का नाय कपडे नीट." ती हसली, आणि अजून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. जयरामनं कागद आणायला जातो म्हणून तिथून पाय काढला.

घरी आल्यावर शुभांगीनं सगळं पाळलं. डोळ्याला पाणी नको, चुलीचा धूर नको, खाली वाकायचं नाही, चोळायचं नाही. थेंब दिवसातून सहा वेळा. ते जयरामच्या वाट्याला आले, कारण शुभांगीचे हात मिरची-कांद्याचे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो थेंबांची बाटली घेऊन बसला असताना मालनबाई भेटायला आली. वर्षात पहिल्यांदा ती ह्या घराचा उंबरठा ओलांडत होती. माहेर बागलाणातलं, अजून बोलण्यात तिकडचा हेल.

"बरं शे ना, कुसाबाई?" ती दारापाशीच टेकली. "दिसतं का?"

"दिसतं. तुझ्या लुगड्याचे काठ दिसत्यात."

"चांगलं झालं. आता डबा चुकणार नाय." ती हे टोचून बोलली नाही, समेटाच्या सुरातच बोलली.

कुसाबाई थेंबासाठी मान मागे टाकून बसली होती. छताकडे बघत ती म्हणाली, "नाय चुकणार, मालन. आता नाय चुकणार."

जयरामचा हात तिच्या डोळ्यावर होता. तो डोळा उघडा, स्वच्छ, सरळ त्याच्याकडे बघणारा. त्यानं बाटली दाबली आणि थेंब गालावर पडला. दुसरा कानाकडे ओघळला.

"काकू," तो म्हणाला, "आई नव्हती चुकली. मी केलं ते." आणि मग त्याला थांबता आलं नाही. आभाळ, बाज, मोबाइल, उकिरडा, गंजका डबा, खाली जुनं, वर नवं. आपले वाफे आपण वरच्या बियातून टाकले, तेही सांगितलं. सांगताना तो बाटलीकडेच बघत होता.

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. शुभांगीनं गॅस बंद केल्याचा आवाज झाला, पण ती बाहेर आली नाही.

मालनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी ह्या ओट्यावर उभं राहून तुझ्या आईला बोलले, जयराम. तू तिथंच उभा होतास. माझ्या बाजूला." एवढंच म्हणाली आणि चहाला न थांबता गेली.

कुसाबाईची मान अजून तशीच मागे होती.

"थेंब टाक," ती म्हणाली.

त्यानं टाकला. ह्या वेळी नीट पडला.

"तुम्ही दोघं मळ्यात गेले का मी शिडीपाशी जायचे," ती म्हणाली. "चाचपून बघायचे. पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे, गुडघा वाकायचा नाय. म्हणायचे, मी चढले कशी? वर्षभर, जयराम. मला वाटलं, मी येडी झाले आन् माझी पोरं मला झाकत्यात."

"आई, चुकलं माझं."

"बी भिजलं तर भिजतं. मी काय पावसाला बांधून ठेवणार होते? दोन शिव्या दिल्या असत्या तुला." तिनं मान सरळ केली, काळा चष्मा चढवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यापुढे ती त्याला काही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. शुभांगीही नाही. जेवायला ताट वाढलं जायचं, पाण्याचा तांब्या ठेवला जायचा, थेंबाची वेळ झाली की आई मान मागे टाकायची. तेवढंच. शिव्या परवडल्या असत्या, असं जयरामला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वाफ्यांवरून आला तेव्हा कुसाबाई ओट्यावर सावलीला पाट टाकून ताठ बसली होती. मांडीवर सूप, सुपात ह्या वर्षीचं बी, जे शुभांगीनं एकटीनं काढलं होतं. वाकायची मनाई, म्हणून शुभांगी मूठमूठ बी उचलून तिच्या तळहातावर ठेवत होती. कुसाबाई काळा चष्मा कपाळावर सारून एका डोळ्यानं बघायची, चार दाणे बोटानं बाजूला काढायची आणि बाकीचे पितळीत सोडायची. तिचे ओठ हलत होते. किती दिवसांनी तिचं कामात लागलेलं तोंड त्याला दिसत होतं.

"शुभांगी," ती सुनेला म्हणाली, त्याच्याकडे न बघता, "हे बियाचं माप भरून त्याच्या हातात दे. तीन घरं. तोंडानं सांग म्हणावं, सगळ्यांच्या पुढं. मला सांगितलं तसं."

जयराम गेला. पहिल्या घरी पुरुष माणूसच होता. त्यानं ऐकून घेतलं, बी घेतलं आणि "बस" म्हणाला नाही. दुसऱ्या घरी म्हातारी ऐकून हसली, आणि ते हसणं जयरामला रस्त्यात जास्त लागलं. माप पुन्हा भरून तो मालनबाईच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ती धान्य निवडत होती.

"रोपाला आणलंय, काकू."

"कुसाबाईनं बघितलंय का?"

"बघितलंय."

"दोन्ही डोळ्यांनी?"

"एकानं. दुसरा महिन्याभरानं करायचाय."

मालनबाईनं थोडा विचार केला. मग उठून पदर पसरला. "एकानं बघितलंय तरी चालंल. ओत. आन् तिला सांग, डोंगळ्याचे कांदे ठेवलेत मी चाळीत बाजूला. माझी मी आणून देईन, तू न्यायला येऊ नको."

तो परत आला तेव्हा ऊन ओट्याच्या कडेला लागलं होतं. शुभांगी आत होती. कुसाबाईनं हात पुढे केला आणि त्यानं रिकामं माप तिच्या हातात दिलं.

"घेतलं तिघांनी?"

"घेतलं."

"माझ्या दुसऱ्या डोळ्याची तारीख काय हाय?"

"कागदावर लिहिलीय. मी सांगतो तुला."

"कागद शुभांगीपाशी दे," ती म्हणाली.

त्याच्या जन्मापासून त्यानं आणून दिलेली वस्तू आईनं कधी उलटीपालटी करून पाहिली नव्हती. आता तिनं माप उजेडाकडे कलतं केलं, त्याच्या तळाशी डोळा नेला, आत नीट पाहिलं, आणि मगच ते शेजारी ठेवलं.